हलक्या डबल-कॅब पिकअपला फिफ्थ-व्हील कॅम्पर (पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर टेकणारं, ओढून न्यायचं फिरतं घर) जोडून रत्नागिरीला आणता येईल का?
नको. ओढायची ताकद नव्हे, पेलोड (गाडीवर लादता येणारं वजन) बघा: आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. फिफ्थ-व्हीलचं साधारण 20 टक्के वजन पिनवर, म्हणजे हौद्यातल्या जोडणीच्या खुंटीवर येतं. 2500 किलोच्या कॅम्परचे 500 किलो थेट हौद्यात. वर हिच (जोडणीचा सांगाडा) आणि माणसं. संपलंच!

पिन मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे हवी. आखूड हौद्यात तशी बसवली, तर आंबा घाटाच्या वळणावर कॅम्परचं नाक केबिनच्या काचेला भिडतं. मागे सरकवली, तर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग सैल लागतं.

हजारेक किलोचा बॉल-हिचवाला (गाडीच्या मागच्या गोळ्याला अडकवायचा) ट्रेलर बरा. हिचवर 10-15 टक्के भार, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. खाऱ्या हवेत बेअरिंगचं ग्रीस मात्र तपासत राहा.