मोठा गोल बेतताना

नवरात्र जवळ आलं की शिवणक्लासमध्ये घागऱ्याच्या घेराखेरीज दुसरा विषय नसतो. या वेळी आलेले प्रश्नही जवळपास सगळे गोलाचेच आहेत.

महाद्वार रोडवरून ४४ इंच पन्ह्याचं कॉटन आणलंय. कंबर २८, उंची ३८. अंब्रेला घागऱ्याची कंबर दर वेळी मोठी होते, हिशोब तर बरोबर असतो. आणि कापड किती लागेल? (राजारामपुरी)

तुमचा हिशोब बरोबरच आहे, कात्री चुकीच्या रेघेवर चालते. २८ ला ६.२८ ने (म्हणजे ३.१४ च्या दुपटीने) भागलं की ४.४६ येतात, म्हणजे जवळपास साडेचार इंच त्रिज्या. पण ही त्रिज्या टिपेची, म्हणजे शिलाईच्या रेघेची आहे, कापायची नाही. तुम्ही साडेचारवर कापता आणि अर्धा इंच मार्जिन सोडून टीप मारता, तेव्हा टीप पाच इंचांवर पडते. पाच इंच त्रिज्येचा घेर ३१.४ इंच. तीन इंचांहून जास्त कंबर वाढली ती इथे. कापायची रेघ चार इंचांवर काढा, टीप आपोआप साडेचारवर येईल.

दुसरं कारण उरेबचं, म्हणजे तिरक्या धाग्याचं. गोलात कापड काही ठिकाणी उभ्या-आडव्या धाग्यात असतं आणि मधल्या तिरक्या भागात उरेब. कंबरेचा उरेब भाग नुसता हातात धरला तरी ताणतो. म्हणून कापल्या कापल्या, घागरा उचलायच्या आधी, मार्जिनच्या आत एक साधी टीप फिरवून घ्या. कंबरपट्टा जोडेपर्यंत कंबर जागेवर राहते.

आता कापड. साडेचार, अधिक उंची ३८, अधिक खालच्या दुमडीला अर्धा इंच, अशी बाहेरची त्रिज्या ४३ इंच झाली. ४४ पन्ह्यात अर्धा गोल जेमतेम बसतो: काठापासून अर्धा इंच आत मध्यबिंदू घ्यायचा, तो अर्धा इंच बाजूच्या शिलाईला जातो. एका अर्ध्याला ८६ इंच लांबी, दोन्ही मिळून १७२ इंच, म्हणजे ४.३७ मीटर. पट्ट्यासकट पावणेपाच मीटर घ्या. उंची एक इंचानेही वाढवायची असेल तर या पन्ह्यात जमणार नाही, मोठा पन्हा बघा. आणि कॉटन धुऊन, इस्त्री करूनच बेता. आधी बेतून मग आटलं तर एवढा सगळा हिशोब वाया जातो. धुतल्यावर पन्हाही आटतो, म्हणून बेतण्याआधी पुन्हा मोजा आणि कमी भरला तर उंची तेवढी कमी धरा.

दोऱ्याला पेन्सिल बांधून गोल काढते. सुरुवात आणि शेवट जुळतच नाहीत. (कसबा बावडा)

दोरा ताणतो, पेन्सिलीभोवती गुंडाळून आखूड होतो आणि पेन्सिल कलली की टोक वेगळ्याच जागी जातं. मोठ्या गोलाला दोरा नको. लहान गोलाला, एक फुटापर्यंत, पुठ्ठ्याची पट्टी उत्तम: एका टोकाला टाचणीपुरतं भोक आणि हव्या त्या अंतरावर पेन्सिलीचं टोक शिरेल एवढं दुसरं.

मोठ्या गोलाला टेप घ्या, पण आधी तो स्टीलच्या फूटपट्टीवर ठेवून बघा. वर्षानुवर्षं वापरलेला टेप लांबलेला असतो. टेपच्या टोकाच्या पत्र्याच्या भोकात टाचणी घालू नका, शून्य तिथे नसतं. टाचणी एक इंचाच्या खुणेवर टोचा आणि त्रिज्येत एक इंच मिळवा: ४३ हवे असतील तर ४४ च्या खुणेवर खडू लावा. मग टेप घड्याळाच्या काट्यासारखा थोडा थोडा सरकवत दर दोन इंचांवर ठिपका द्या. सलग रेघ ओढायच्या नादात टेप ताणला जातो. ठिपके नंतर हातानं जोडले तरी गोल सुंदर येतो.

चार घड्या घालून कापलं की उघडल्यावर घडीच्या जागी टोक येतं. (गडहिंग्लज)

घडीला रेघ काटकोनात मिळाली नाही की हेच होतं. रेघ घडीजवळ तिरकी गेली तर उघडल्यावर टोक येतं किंवा खाच पडते. घडीजवळचा शेवटचा अर्धा इंच मी गुण्या लावून तपासते. तुम्हीही कापायच्या आधी तेवढं बघा.

कापड जाड असेल तर चार घड्या घालूच नका. वरचे थर खालच्या थरांवर नेमके बसत नाहीत आणि चारही पाकळ्या वेगळ्या मापाच्या निघतात. ब्राऊन पेपरवर पाव गोल काढून ठेवा आणि एका घडीवर दोनदा लावा. तो कागद जपून ठेवला तर पुढच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं.

४८ इंची गोल टेबलाला १० इंच झुलेल असा टेबलक्लॉथ हवा. ४४ च्या पन्ह्यात जोड कुठे द्यायचा? (नागाळा पार्क)

मध्यभागी मुळीच नाही! टेबलावर ताट ठेवलं की मधला जोड आधी डोळ्यांत भरतो. ४८ आणि दोन्हीकडचे दहा-दहा मिळून ६८, दुमडीला एक इंच, एकूण व्यास ६९. मध्ये पूर्ण पन्हा ठेवा आणि दोन्ही बाजूंना साडेतेरा इंची पट्ट्या जोडा; जोडांच्या शिलाईत दोन इंच जाऊन ६९ उरतात. जोड असे टेबलाच्या कडेच्या आसपास येतात, तिथे नजर जात नाही. मधला तुकडा ७० इंच, बाजूच्या दोन्ही पट्ट्या ५६ इंची एकाच तुकड्यातून. सव्वातीन मीटरमध्ये काम होतं. आधी जोड, मग इस्त्री आणि त्यानंतरच गोल काढायचा. कापून मग जोडलं तर कडा जुळत नाहीत.

घागऱ्याची खालची कड वरखाली दिसते आणि दुमड उभी राहते. (कागल)

शिवल्या शिवल्या खालची कड दुमडायची घाई करू नका. कंबरपट्टा लावून घागरा हँगरला किमान एक दिवस टांगा, जॉर्जेट असेल तर दोन. उरेबचे भाग स्वतःच्या वजनानं खाली येतात. मग जिचा घागरा आहे तिला स्टुलावर उभी करा, फूटपट्टी स्टुलावर उभी धरून सगळीकडे एकाच उंचीवर खडू लावा आणि जास्तीचं कापा. दुमड अर्ध्या इंचाहून रुंद नको. बाहेरची कड शिवणरेघेपेक्षा लांब असते आणि दुमड जितकी रुंद तितकं ते जास्तीचं कापड चुण्या घालतं. पातळ कापडाला सरळ पिको करून घ्या. जाड असेल तर उरेब पट्टी लावा.