८४ मुलं, १०९ उत्तरं

प्रश्न : चेंबूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला अप्लाइड फिजिक्स शिकवतो. दोन डिव्हिजन एकत्र, पटावर १२० मुलं. कॉलेजने तीन वर्षांपूर्वी ६० क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायची हातातली छोटी यंत्रं) घेतले, त्यातले १७ गायब झाले. आता प्राचार्य म्हणतात, मोबाइलवरच्या ॲपने प्रश्न विचारा, त्यातूनच हजेरी लावा आणि टर्मवर्कचे पाच मार्कही द्या. मोबाइल हातात आला की मुलं रील्स बघतात, मागच्या बाकांवर नेट चालत नाही, आणि गेल्या आठवड्यात वर्गात ८४ मुलं असताना १०९ उत्तरं आली! खडू-फळ्यावर परत जाऊ का? – अ. स., चेंबूर

उत्तर : सर, १०९ वाचून आधी पोटभर हसले. मग आठवलं, माझ्या वर्गात दोन आवाजांत ‘येस मॅडम’ म्हणणारा एक मुलगा होता, तेव्हा मात्र मी हसले नव्हते. तुमची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि २५ जणांनी कँटीनमधून बटण दाबलं, दुसरं काय! ज्या बटणाला हजेरी बांधली ते दाबायला वर्गात कोण कशाला येईल? तेव्हा प्राचार्यांना सांगा, हजेरी वहीत घेतो आणि या उत्तरांना मार्क नाहीत. मार्क लावले की मुलं प्रश्नाकडे बघत नाहीत, शेजारच्या हुशार मुलीच्या बोटांकडे बघतात.

तासाला प्रश्न टाकून साऱ्या वर्गाकडून उत्तर घेण्याचा हा प्रकार ज्यांच्यामुळे गाजला त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या एरिक मझूर यांनी सुरुवात यंत्रापासून केलीच नव्हती. न्यूटनच्या नियमांवर आकडेमोड नसलेले साधे प्रश्न त्यांनी वर्गाला घातले, तर एकाने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला एरवी वाटतं तसं? त्यानंतर, १९९१ पासून, ते तासाला मध्येच थांबून प्रश्न टाकू लागले. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. त्याहून कमी असली तर मास्तरांनीच परत शिकवायचं. मुलं सुरुवातीला हात वर करत, कार्डं दाखवत. क्लिकर नंतर आले.

म्हणजे तुमची खरी मेहनत प्रश्न बनवण्यात आहे. माझा लाडका प्रश्न देते. एसी लोकल दादरहून सुटते आहे. एका पोराच्या हातात दोरीला बांधलेला गॅसचा फुगा आहे. गाडी वेग घेताना फुगा मागे झुकेल, पुढे झुकेल, की सरळ राहील? (साधी लोकल घेऊ नका. उघड्या दारातून वारा येतो आणि मुलं तेवढ्यावरच तास खातात.) बहुतेक जण ‘मागे’ म्हणतात, कारण गाडी सुटताना आपण स्वतः मागे रेलतो. एका वर्षी वाद चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, तिचे वडील गवंडी आहेत, त्यांच्या पाणसळीला (समतल बघायच्या नळीला) पुढे झटका दिला की आतला बुडबुडा पुढेच पळतो. संपलं! डब्यातली हवा मागे रेटली जाते, मागे दाब किंचित वाढतो, आणि हवेहून हलका फुगा पुढे ढकलला जातो, हे फळ्यावर मांडायला मला मग दोन मिनिटं पुरली. ती मुलगी तोवर वर्षभर तोंड उघडून बोलली नव्हती.

कोलोराडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं, २००९ मध्ये ते ‘सायन्स’मध्ये आलं. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, त्यांतली मुलंही चर्चेनंतर तशाच नव्या प्रश्नावर सुधारली. हुशाराची नक्कल एवढंच ते नव्हतं.

माझी फजितीही सांगते. पहिल्यांदा क्लिकर हातात आले तेव्हा मी उत्तरांचा आलेख लगेच पडद्यावर टाकला आणि म्हटलं, आता चर्चा करा. सगळ्यांनी सर्वांत उंच खांब बघितला आणि दुसऱ्या फेरीत झाडून तेच उत्तर दिलं. ते चूक होतं. आलेख दुसऱ्या फेरीनंतरच दाखवा.

नेटचं रडगाणं मिटवायला कार्डं करा. कॅनडात नॅथॅनिएल लॅस्री यांनी एका वर्गाला क्लिकर आणि दुसऱ्याला कार्डं देऊन पाहिलं, २००८ मध्ये लिहिलं की मुलांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवर चार रंगांचा कार्डपेपर घ्या, प्रत्येकाला चारही तुकडे द्या. ‘तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी आपल्या उत्तराच्या रंगाचा तुकडा एकदम छातीशी धरायचा, म्हणजे मागच्याला पुढच्याचा रंग दिसत नाही. बरोबर किती ते अंदाजाने कळतं, तेवढं पुरतं. कोण चुकलं याची नोंद राहत नाही, हा तोटा मला तरी फायदाच वाटतो. नोंद हवीच असेल तर प्लिकर्सची छापील कार्डं बघा. कार्डाची जी बाजू वर ते उत्तर, मोबाइल फक्त तुमच्या हातात. पण १२० जणांवर कॅमेरा फिरवताना तुमचा दम निघेल, एका डिव्हिजनपुरतंच ठीक.

तासाला दोन प्रश्न, जास्त नको. नाहीतर पोर्शन राहील आणि एप्रिलमध्ये तुम्ही मला शिव्या घालाल.

आणि ते उरलेले ४३ क्लिकर कपाटात असतील, तर त्यांतले सेल आजच काढा. आपल्या पावसाळ्यात ते झिरपतात आणि आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात.