टोटल लॉस गाडी आणि फॉर्ममधला ‘नाही’

प्रश्न : मी दोंडाईच्यात शिक्षक आहे. सुरतेत लिंबायतला राहणाऱ्या मावसभावाकडून गेल्या वर्षी 4,10,000 रुपयांना पेट्रोल गाडी घेतली. ‘खाडीच्या पुरात थोडं पाणी लागलं होतं, सगळं काम करून घेतलंय’ एवढंच त्याने व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं. एनओसी आली, टॅक्स भरला, धुळ्याच्या आरटीओत एमएच-18 नंबर मिळाला. भावाचा विमा माझ्या नावावर झाला, पण तो नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानापुरता होता. तो गेल्या आठवड्यात संपला. आता फर्स्ट पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा विमा घ्यायला गेलो, तर तपासणीला आलेल्या मुलाने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, चटईखाली हात घातला, फोटो काढले. दोन दिवसांनी कंपनीने कळवलं की ही गाडी पूर्वी टोटल लॉस झालेली आहे, विमा देता येत नाही. एजंट म्हणतो, ‘दुसऱ्या कंपनीत टाकू, फॉर्मात गाडी आधी टोटल लॉस झाली का विचारतात त्या रकान्यात ‘नाही’ लिहा, काही व्हत नही.’ लिहू का? भावावर केस होते का? आई म्हणते, मावशीच्या दारात वकील न्यायचा नाही.

उत्तर : सर, बाकी सगळं नंतर. आधी आजच्या आज थर्ड पार्टी विमा काढा आणि तो हातात येईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे तो सक्तीचा आहे. नसेल तर कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं मी एवढं मनावर घेत नाही. शिरपूरकडे जाताना मोटारसायकलवाल्याला धक्का लागला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई तुमच्या पगारातून आणि शेतातून जाईल. त्यापुढे प्रीमियम किरकोळ आहे. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला जून 2022 मध्ये सरकारने वर्षाला 3,416 रुपये ठरवले. वर जीएसटी आणि मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षण. नुसत्या थर्ड पार्टीला कोणी टाळाटाळ केली, तर नकार लेखी मागा आणि विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका.

आता टोटल लॉस. लोकांना वाटतं, गाडी मेली. तसं नसतं, तो हिशेब असतो. विमा कंपनी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, वयाप्रमाणे घसारा काढून धरते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के. समजा कंपनीचा यादीभाव 8 लाख, तर आयडीव्ही 4,80,000. दुरुस्तीचा अंदाज त्याच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 3,60,000 च्या पुढे गेला, की पॉलिसीच्या अटींप्रमाणे टोटल लॉस. पुराच्या गाडीत वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअरबॅगचं युनिट, सीटा नव्या धरल्या की हा आकडा सहज ओलांडला जातो. तेच काम ओळखीचा गॅरेजवाला जुने पार्ट टाकून निम्म्यात करतो. भावाने बहुतेक भंगार किंमत वजा करून क्लेम घेतला, गाडी स्वतःकडेच ठेवली, दुरुस्त केली आणि तुम्हाला विकली. यातलं गाडी ठेवणं आणि दुरुस्त करणं बेकायदा नाही. दुरुस्तीनंतर त्याने फक्त थर्ड पार्टी काढला, हीच खूण होती. एक तर त्यालाही फर्स्ट पार्टी मिळाला नाही, नाहीतर त्याने विचारलंच नाही.

आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची मात्र खात्री करा. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर कलम 55 प्रमाणे मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, म्हणजे नोंदणी रद्द होते. तशी झाली असती, तर तुमच्या नावावर गाडी चढली नसती. तरी सरकारच्या एम-परिवहन अॅपवर स्थिती ‘अॅक्टिव्ह’ आहे का ते बघा आणि आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अंक-अंक जुळवा. टोटल लॉस गाड्यांचे कागद चोरीच्या गाड्यांना चिकटवण्याचे धंदे उघडकीला आलेत, म्हणून म्हणतो. तुमच्या भावावर मी तसा संशय घेत नाही.

एजंटाचा रकाना. ‘नाही’ लिहायचं नाही. विमा हा भरवशाचा करार आहे. कंपनीने विचारलेली महत्त्वाची गोष्ट दडवली, तर क्लेम बुडतो आणि ग्राहक आयोगातही तुमची बाजू लुळी पडते. शिवाय तुमचा नंबर एमएच-18 झाला तरी चेसिस नंबर तोच आहे, आणि जुना क्लेम त्यावरूनच सापडतो. आत्ता नाही सापडला, तर तुम्ही दोन लाखांचा क्लेम टाकाल त्या दिवशी सापडेल, कारण त्या दिवशी शोधणारा मन लावून शोधतो. थर्ड पार्टीतही हे आडवं येतं. कलम 150 खाली महत्त्वाची बाब लपवून पॉलिसी घेतली, असा बचाव कंपनीला घेता येतो. जखमीला पैसे द्यायला लावले तरी ते कंपनीने तुमच्याकडून वसूल करावेत, असा हुकूम होऊ शकतो. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही. एक विचारून ठेवा. त्याने फॉर्मवर भावाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, धरला आहे का? बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आणि भावाचा तर त्या क्लेमबरोबर गेला. तुमच्या जुन्या गाडीचा असेल, तर तो वेगळा मागा.

फर्स्ट पार्टी द्यायलाच हवा, असा कायदा नाही. कंपनी जोखीम नाकारू शकते, त्यावर भांडून फळ नाही. दोन-तीन कंपन्यांना ईमेल करा : गाडी पुरात टोटल लॉस झाली होती, दुरुस्त केली आहे, बिलं आणि तपासणी अहवाल सोबत आहे. अहवाल परवानाधारक सर्व्हेअरकडून घ्या, त्यात गाडीची आजची किंमत लिहून घ्या, आणि आयडीव्ही तेवढाच धरायला सांगा, फुगवून नको. कोणी दिला, तर इंजिनात पाणी शिरण्याचं जादा संरक्षण वगळलेलं असण्याची शक्यता धरा. कोणीच दिला नाही, तर गाडीचं नुकसान तुमच्या अंगावर, हे धरून ती वापरा. आणि विम्यावाचूनही, अधिकृत वर्कशॉपमध्ये एअरबॅग स्कॅन करून घ्या. पुराच्या गाडीचा एअरबॅगचा दिवा कोणी कोणी बल्ब काढून बंद करतं.

भावाचं. ग्राहक आयोग इथे नाही, तो गाड्यांचा व्यापारी नाही. करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं ही फसवणूक, आणि दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. तो म्हणेल, पाण्याचं सांगितलं होतं. तुम्ही म्हणाल, ‘थोडं’ म्हणालास. त्या ‘थोडं’वर दावा टिकेलही, पण मी तुमच्या जागी आज नोटीस पाठवणार नाही. वेळ आहे, आणि तुम्हाला त्याच्याकडून खटल्यापेक्षा कागद जास्त हवेत : क्लेम मंजुरीचं पत्र, सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजची जीएसटी बिलं. आखाजीला मावशीकडे जाल तेव्हा हे मागा. किंमत ठरवताना हे कळलं असतं तर किती कमी दिले असते, तो आकडा मनात धरून जा आणि फरक परत करायला सांगा. तो मान्य झाला, तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या. आईची अट मोडणार नाही, वकील दारात येत नाही. पुढे तुम्ही ही गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला टोटल लॉसचं सांगावं लागेल. आता तुम्हालाही ते ठाऊक आहे.

एजंटाच्या मेसेजला उत्तर देऊ नका, पण तो पुसूही नका.