छोटं कॉर्डलेस रोटरी टूल: नक्षी जमते, पण लोखंड कापताना अडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ३.६ व्होल्टच्या रोटरी टूलने (टोकाला बारीक बिट किंवा डिस्क वेगाने फिरवणारं हातातलं मशीन) लाकडावर, काचेवर नक्षी छान होते, पण गंजलेला स्क्रू किंवा सळई कापायला घेतली की मशीन बंद पडतं आणि डिस्क तुटतात. दोष मशीनचा की हाताचा?

थोडा मशीनचा, बराचसा दाबाचा. हे टूल वेगावर काम करतं, जोरावर नाही. मॉडेलनुसार मिनिटाला ५,००० ते २५,००० फेरे असतात, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ड्रिलच्या मानाने फारच कमी. दाबलंत की फेरे उतरतात, कापणं थांबून नुसतं घासणं सुरू होतं, मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरीचं संरक्षण मशीन बंद करतं. त्यामुळे कान आवाजावर ठेवा. आवाज खाली आला की लगेच हात हलका करायचा.

आता डिस्क. साधी २४ मिमीची पातळ डिस्क म्हणजे रेझिनमध्ये बांधलेली अपघर्षक भुकटी, आत जाळी नसते. कापताना हात किंचितही तिरका झाला की तिचे तुकडे उडतात. लोखंडासाठी फायबरग्लासची जाळी असलेली डिस्क घ्या आणि तिच्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या सर्वात जास्त वेगापेक्षा वर आहे ना, ते बघा. मँड्रेलचा, म्हणजे डिस्क ज्या दांडीवर बसते तिचा, स्क्रू करकचून आवळला तर डिस्कला भोकापाशी तडा जातो. डिस्क सरकणार नाही इतपत पुरे. वस्तू हातात धरून कापू नका, व्हाईसमध्ये (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंजात) आवळा, आणि कापलेली फट मिटणार नाही तर उघडेल अशा बेताने पकडा. फट मिटली की डिस्क चिमटते आणि फुटते. सळई एकाच बाजूने आरपार न्यायची नाही. सगळीकडून फिरवत थोडी थोडी खाच पाडा, उरलेला गाभा वाकवून मोडतो.

गंजून डोकं झिजलेल्या स्क्रूला तर हे टूल फार कामाचं आहे. डिस्कने डोक्यावर मधोमध सरळ खाच पाडायची, साधारण दीड मिमी खोल, आणि चपट्या पेचकसाने फिरवायचं. आधी गंज सोडवणारं तेल सोडलं असेल तर ते पूर्ण पुसून घ्या, ठिणग्या उडतात. खाच डोक्याच्या मुळापर्यंत नेलीत तर पिळताना डोकं दुभंगतं.

बिट थरथरत असेल तर कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी चिरलेली नळी, तपासा. दांडा बहुधा ३.२ किंवा २.४ मिमीचा असतो आणि प्रत्येक मापाला कॉलेट वेगळं. मोठ्या कॉलेटमध्ये बारीक दांडा आवळून बसवला की तो मध्यावर राहत नाही. दांडा आत पूर्ण घालून एखादा मिमी मागे घ्या आणि मग आवळा. जेवढा बाहेर जास्त, तेवढा पूर्ण वेगात वाकण्याचा धोका जास्त. रिकाम्या कॉलेटवर नट कधीच आवळू नका, आणि फिरत्या मशीनचं स्पिंडल लॉक (बिट बदलताना फिरणं अडवणारं बटण) दाबू नका.

वेगाचं म्हणाल तर ॲक्रिलिक किंवा पीव्हीसीला ५,००० ते १०,००० पुरेत, त्यावर गेलं की प्लास्टिक वितळून बिटाला चिकटतं. तारेचा ब्रश आणि पॉलिशचं फेल्ट व्हील १५,००० च्या खालीच. ब्रशच्या तारा उडून त्वचेत रुततात, म्हणून नवा ब्रश आधी मिनिटभर मोकळा फिरवा, तोंड बाजूला ठेवून. सैल तारा तेव्हाच गळून जातात.

काच आणि टाइलला हिऱ्याचे बिट, पण पाण्याबरोबर. भोकाच्या जागेभोवती मेणाचं कडं करून आत पाणी भरा, पोकळ बिट आधी तिरका टेकवून चंद्रकोरीएवढी खूण पाडा आणि मग हळूहळू सरळ करा. सुरुवातीलाच सरळ टेकवला तर तो घसरतो. पलीकडे निघताना दाब जवळजवळ काढून घ्या, टवका तिथेच उडतो. पाणी मशीनच्या हवेच्या झरोक्यांत जाऊ देऊ नका. हेच बिट पोलादावर वापरू नका, तापलेल्या लोखंडावर हिरा लवकर झिजतो. ॲल्युमिनियमला मात्र घासायचा साधा दगड लावू नका, तो भरून जातो. कार्बाइड बर (कठीण धातूचं दातेरी बिट) किंवा सँडिंग ड्रम (सँडपेपर गुंडाळलेलं बिट) वापरा.

गॉगल आणि धुळीचा मास्क प्रत्येक वेळी हवाच, दोन मिनिटांच्या कामालाही. केस बांधा, बाही वर करा. सैल हातमोजे नकोत, ते गुंततात.

बॅटरी लिथियमची असेल तर जड काम पाच-सहा मिनिटं करून मशीन गार होऊ द्या, गरम असताना चार्जिंगला लावू नका. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर साधारण अर्धी भरलेली ठेवा.

तुमच्या ३.६ व्होल्टच्या मशीनकडून नक्षी, पॉलिश, कडांची धार घासून काढणं, बारीक भोकं आणि स्क्रूला खाच पाडणं एवढं निर्धास्त करून घ्या. ६-८ मिमीच्या सळया वारंवार कापायच्या असतील तर हॅकसॉ जास्त वेगाने कापेल. रोटरी टूलनेच कापायचं ठरवलंत तर १२ व्होल्टचं घ्या.