'एनर्जी'त ट्रम्पेट का नाही?

प्रश्न : ऑपरेशन आयव्ही या अमेरिकन बँडचा १९८९चा 'एनर्जी' हा अल्बम अर्धाच आवडला. स्का-पंक (जमैकाचा स्का आणि पंक रॉक यांचं मिश्रण) म्हणायचं, तर ट्रम्पेट कुठाय? आणि आम्ही वाजवलं की नुसता गोंगाट का होतो?
– एक वाचक, मालवण

उत्तर : अर्धा आवडला हे पटतं. बँडमधल्या मॅट फ्रीमनचा पळता बास (खर्जातली गिटार) हा या अल्बमचा जीव. गायक मात्र शब्द चावतो, आणि सगळं सलग ऐकलं की शेवटची गाणी एकमेकांत मिसळतात. ट्रम्पेट शोधू नका, बँड चौघांचाच : गायक, गिटार, बास, ड्रम. पितळी वाद्यांवाचून स्काचं अडत नाही, गिटारच्या उलट्या ठोक्यावाचून अडतं.

तुमचा गोंगाट बहुधा तिथलाच. भजनात टाळ मात्रेवर पडतो, इथे गिटार दोन मात्रांच्या मधे. 'एक-आणि-दोन-आणि' मोजा आणि फक्त 'आणि'वर, खालून वर, पातळ ३ तारांवर झटका द्या. लगेच डाव्या हाताची बोटं सैल करा, पण तारांवरून उचलू नका. सूर लांबला की चिखल झालाच! म्हणूनच उघड्या तारांचे कॉर्ड नकोत, बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून) धरा. डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) पंकच्या भागापुरतंच. मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) आधी मिनिटाला ९० ठोक्यांवर.

आणि हो, खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, झटक्याचा तुटक 'चिक' आवाज बोथट होतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.