भीक नव्हे, बिदागी

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. अंगाला चंदेरी रंग लावून लग्नांत आणि गड्ड्याच्या जत्रेत पुतळा होऊन उभा राहतो. परवा एका लग्नात चक्कर येऊन पडला. नातेवाईक म्हणतात, ही भीकच आहे. त्याला थांबवू का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, त्याला थांबवू नका. थांबवायची आहे ती चक्कर. गुडघे आवळून ताठ उभं राहिलं की पोटऱ्या काम करत नाहीत, रक्त पायांत साठतं आणि डोक्याला कमी पडतं. परेडमधले जवानसुद्धा असे कोसळतात. त्याला म्हणावं, गुडघे किंचित सैल ठेव, बुटातल्या बुटात बोटं हलव, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश ने, समोरच्याला कळता कामा नये. वीस मिनिटं झाली की सावलीत बसायचं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारची कामं घेऊच नयेत. तरीही चक्कर आली तर डॉक्टरांना दाखवा.

रंग कुठला लावतो? हार्डवेअरच्या दुकानातली चंदेरी पावडर रॉकेलमध्ये कालवत असेल तर आजच फेकून द्या, कातडी सोलवटते. रंगभूषेच्या दुकानात पाण्यात कालवायचा रंग मिळतो. महाग पडतो, पण तोच हवा.

आता भीक. गणपतीतल्या जिवंत देखाव्यांची रंगभूषा मी तीस वर्षं केली. एका वर्षी आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा देखावा होता, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्यांचा. यंत्रमागावरचा एक पोरगा त्यांच्यातला मल्लप्पा धनशेट्टी झाला होता, मी त्याला पंचधातूचा रंग दिला होता. एक म्हातारी पुढे आली आणि त्याच्या पायाला हात लावून उभी राहिली. पोरगा हलला नाही. कानशिलावरून घामाचा एक थेंब निघाला आणि रंगात रेघ ओढत हनुवटीपर्यंत आला. मांडवात कुणी बोलेना. हे मी पाहिलंय, म्हणून भीक हा शब्द मला फार लागतो.

आमच्या दारी बहुरूपी यायचा. आजी त्याला सुपातून ज्वारी घालायची आणि म्हणायची, 'ही तुझी बिदागी.' बार्सिलोनाच्या ला रांब्ला रस्त्यावर तर असे पुतळे पालिकेचा परवाना घेऊन उभे राहतात. नातेवाइकांना हे जरूर सांगा.

रात्री तो रंग उतरवायला बसला की जवळ बसा. आधी खोबरेल तेल, मग मऊ सुती फडकं, साबण शेवटी. कानामागचा रंग त्याला स्वतःला दिसत नाही.