तिखटमीठ आणि पिंच ऑफ सॉल्ट

रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा म्हणून सॅलरी शब्द आला हे खरं का, आणि सॉल्टचे वाक्प्रचार मुलीला मराठीतनं कसे समजवायचे, असं विचारलंय तुम्ही.

सॅलरी आली लॅटिन 'सालारियुम'वरनं आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे, इथवर बरोबर. (पोर्तुगीजमध्ये अजून सालच म्हणतात, गोव्यात आमच्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं.) पण पगार म्हणून मीठच वाटायचे ह्याला भक्कम पुरावा नाहीय, ती गोष्ट पुढच्या लोकांनी रंगवलेली. सॅलड, सॉस, सॉसेज मात्र पक्के मिठाचे नातेवाईक. असॉल्टमध्ये सॉल्ट दिसतं पण त्याचा संबंध नाही, ते उडी मारणे ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरनं आलंय.

'पिंच ऑफ सॉल्ट'ची, म्हणजे ऐकलेलं सगळंच खरं न मानण्याची, गंमत बघा. प्लिनी ह्या जुन्या रोमन लेखकानं विषावरचा एक उतारा लिहून ठेवलाय, दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सताब ह्या औषधी झाडाची वीस पानं आणि एक कण मीठ, तो मिठाचा कण तिथनं इंग्रजीत आला असं मानतात. आपल्यात सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो, इंग्रजीत ऐकणाऱ्यानं मीठ लावून घ्यायचं! मुलीला असं सांगा, विसरणार नाही.

'वर्थ हिज सॉल्ट'चं भाषांतर 'खाल्ल्या मिठाला जागणारा' असं करतात ते मला पटत नाही. इंग्रजीत माणूस कामात पगाराच्या लायकीचा आहे एवढंच, आपल्यात निष्ठेची गोष्ट आहे, कामात ढ असला तरी मिठाला जागता येतं. जखमेवर मीठ मात्र दोन्हीकडे तसंच चोळतात. 'सॉल्ट ऑफ द अर्थ' बायबलातलं, मॅथ्यू ५:१३, म्हणजे साधी पण भली माणसं, आणि मला तर ते वाचलं की आगरवाड्याच्या मिठागरांत उन्हात राबणारे, मीठ पिकवणारे मीठगावडेच आठवतात.

'सॉल्ट अवे' म्हणजे पैसे गुपचूप साठवून ठेवणं. हे गोंयकाराला काय शिकवायचं, मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, खारं सुकट, मीठ, कोकम भरून ठेवतो ना आपण पावसासाठी, तेच, फक्त सुक्या बांगड्यांच्या जागी पैसे.

आणि तिनं विचारलं की मराठीतलं मीठ कुठनं आलं, तर ते संस्कृत 'मिष्ट'वरनं, म्हणजे चवदार, गोड. गुजरातीत मीठुं म्हणजे गोडही आणि मीठही. आमची वहिनी उत्तरेकडची, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आई आतनं ओरडली "हुमणात मीठ घाल गो", आणि तिनं त्या माशांच्या आमटीत दोन चमचे साखर घातली.